'सीट बेल्ट १९५९ पासून बदललाच नाही' म्हणणाऱ्या मेसेजला माझं उत्तर

गेले काही दिवस एक मेसेज सगळीकडे फिरतोय, मला आधी मामाने पाठवला, मग ऑफिसच्या ग्रुपवर आला, मग शाळेच्या ग्रुपवर, आणि सगळीकडे खाली अंगठे आणि 'अगदी बरोबर'. मेसेज लांबलचक आहे पण त्यातलं म्हणणं थोडक्यात असं, की सीट बेल्ट १९५९ साली निघाला आणि तेव्हापासून कंपन्यांनी त्यात काहीच केलं नाही. रेसिंगवाल्यांना पाच-सहा पट्टे आणि आपल्याला एकच, कारण पैसे वाचवायचे. अपघातात पट्टा ताणला जातो म्हणजे माल हलका, खरा मजबूत पट्टा हलणार पण नाही. बेल्टनेच बरगड्या मोडतात. आग लागली की माणूस अडकतो. आणि एअरबॅग असताना बेल्ट कशाला, मागे बसणाऱ्याला तर तसाही नको.

मामाला तिथल्या तिथे दोन ओळी लिहिल्या पण दोन ओळीत हे होत नाही, आणि हे वाचून एका माणसाने जरी बेल्ट लावायचा सोडला तरी फार वाईट होईल, म्हणून सगळं लिहिते. यातलं एक वाक्य अर्धं खरं आहे, ते शेवटी घेते कारण त्यावर मला बरंच बोलायचंय.

आधी १९५९. वर्ष बरोबर आहे. स्वीडनच्या नील्स बोलिनने व्होल्वोसाठी तीन पॉइंटचा, म्हणजे गाडीला तीन ठिकाणी बांधलेला, बेल्ट बनवला, त्याच्या आधी तो साब कंपनीत विमानाच्या इजेक्शन सीटवर काम करायचा, म्हणजे जबरदस्त झटका शरीराने नेमका कुठे झेलावा हा त्याचा आधीपासूनचा विषय. तोपर्यंत बऱ्याच गाड्यांत नुसता कमरेचा पट्टा असायचा, त्याने कंबर धरली जायची पण वरचं अंग घडी पडल्यासारखं पुढे जायचं. बोलिनने छाती आणि कंबर दोन्ही एकाच पट्ट्यात बांधली, दोन्ही भाग खाली कमरेच्या बाजूला एकत्र येतात आणि एका हाताने लागतो. व्होल्वोने ते पेटंट इतर कंपन्यांना मोकळं करून दिलं, आणि १९६७ मध्ये बोलिनने २८,००० अपघातांचा अभ्यास मांडला त्यात ताशी साधारण ९५ किलोमीटरच्या आतल्या वेगाला बेल्ट लावलेला एकही माणूस मेलेला नव्हता, न लावलेले मात्र अगदी कमी वेगालाही गेले होते.

पण 'तेव्हापासून काही बदललं नाही' हे चूक आहे, आणि असं वाटायचं कारण मला कळतं. आपल्याला दिसते ती साधारण ५ सेंटीमीटर रुंद पट्टी, ती खरंच तेव्हासारखीच दिसते. बदललं ते सगळं दाराशेजारच्या खांबाच्या प्लॅस्टिकच्या कव्हरमागे आणि बकलच्या खाली. सुरवातीचे बेल्ट हाताने लांब-आखूड करावे लागायचे, सैल राहिला तर राहिला. मग रीळ आलं, ज्याला रिट्रॅक्टर म्हणतात, ते एरवी पट्टा मोकळा सोडतं म्हणून तुम्ही वाकून काहीतरी उचलू शकता, पण गाडीला जोराचा ब्रेक लागला की आतली छोटी गोळी किंवा लोलक हलून रीळ लॉक करतो. पट्टा झटक्याने ओढला तरी लॉक होतो, ती आतली दुसरी, वेगळी यंत्रणा. मग १९८१ मध्ये मर्सिडीजच्या एस क्लासमध्ये एअरबॅगबरोबर प्रीटेन्शनर आला, मग लोड लिमिटर, या दोघांबद्दल खाली लिहिते कारण खरी गंमत तिथेच आहे. मागच्या सीटसाठी फुगणारा बेल्टसुद्धा काही गाड्यांत आला.

फसलेले प्रयोग पण झालेत. १९७४ मॉडेलच्या गाड्यांना अमेरिकेत बेल्ट लावल्याशिवाय गाडी चालूच होणार नाही अशी व्यवस्था आली, लोक इतके भडकले की त्याच वर्षी कायदा करून ती सक्ती काढावी लागली. नंतर तिथेच मोटरने आपोआप खांद्यावर येणारे पट्टे निघाले, पण अशा बऱ्याच गाड्यांत कमरेचा पट्टा वेगळा हाताने लावायचा होता आणि खांद्यावर पट्टा आला की लोकांना वाटायचं झालं, कमरेचा राहूनच जायचा. म्हणजे बेल्ट कागदावर कितीही चांगला असला तरी थकलेला, घाईतला, जाड जॅकेट घातलेला माणूस तो नीट लावेल का हा डिझाइनचाच भाग आहे. हे लक्षात ठेवा कारण पुढचा मुद्दा यावरच आहे.

रेसिंगचे पाच-सहा पट्टे. रेसिंगचा ड्रायव्हर त्याच्या अंगाला बेतलेल्या सीटमध्ये बसतो, डोक्यावर हेल्मेट, भोवती पिंजरा, आणि पट्टे आवळायला बऱ्याचदा दुसरा माणूस लागतो. आणि दोन्ही खांदे असे घट्ट बांधले की धडकेत धड जागेवर राहतं पण डोकं हेल्मेटसकट पुढे फेकलं जातं, सगळा ताण मानेवर आणि कवटीच्या तळाशी येतो. म्हणून तर हॅन्स नावाची खांद्यावर बसणारी आणि हेल्मेटला बांधलेली कॉलर काढावी लागली, फॉर्म्युला वनमध्ये ती २००३ पासून सक्तीची आहे. ती कॉलर घालून रोज कोण कामाला जाणार? दुसरं म्हणजे नुसते चार पॉइंट, मांड्यांच्या मधला पट्टा नसलेले, त्यात खांद्याचे पट्टे आवळले की ते कमरेचा पट्टा वर पोटावर ओढतात. आता कमरेचा पट्टा पोटावर येणं म्हणजे काय, तर माणूस पट्ट्याखालून पुढे घसरतो, याला सबमरीनिंग म्हणतात, आणि जो भार कमरेच्या मजबूत हाडाने घ्यायचा तो आतडी आणि मणका घेतात.

'कंपन्यांनी विचारच केला नाही' हेही खरं नाही, २००१ मध्ये व्होल्वोने आपल्या सुरक्षेच्या कन्सेप्ट गाडीत दोन प्रकारचे चार पॉइंट बेल्ट दाखवले होते. आणि बाजारातून रेसिंगचा पट्टा आणून साध्या सीटला बांधणाऱ्यांनी तर खरंच थांबावं, ती सीट, तो खांब, ती एअरबॅग हे सगळं त्या मूळच्या तीन पॉइंटच्या हिशोबाने जुळवलेलं असतं.

आता ताणण्याचा मुद्दा. हा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो कारण मेसेजमधलं हे वाक्य ऐकायला सगळ्यात पटणारं आहे आणि सगळ्यात उलटं आहे. थोडं गणित करू. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. या वेगाने भिंतीवर जाणं म्हणजे साधारण १० मीटरवरून, तिसऱ्या मजल्यावरून खाली पडण्याइतकं. वेग तर शून्य होणारच, तो कोणालाच चुकवता येत नाही, आपल्या हातात फक्त एवढंच की तो किती अंतरात शून्य होतो. बेल्ट नसेल तर गाडी थांबते आणि तुम्ही तसेच १४ मीटरच्या वेगाने डॅशबोर्डवर, तिथे छाती समजा ५ सेंटीमीटरमध्ये थांबली तर सरासरी २०० जी, म्हणजे आपल्याच वजनाच्या २०० पट. आता बेल्ट लावलाय, गाडीचं नाक चेपताना तुम्ही गाडीबरोबर ६० सेंटीमीटरमध्ये थांबलात, तर १६-१७ जी. ७० किलोच्या माणसाला हे सरासरी साडेअकराशे किलोच्या भारासारखं, भयंकर आहे पण जगण्यासारखं आहे. आणि पट्ट्याने मोजून-मापून आणखी २० सेंटीमीटर पुढे जाऊ दिलं, तर तेच साधारण १२ जी वर येतं. पाव भार कमी झाला, नुसता पट्टा सुटू दिल्यामुळे! अजिबात न हलणारा पट्टा हवा म्हणणारे हा पाव भार स्वतःच्या छातीवर परत मागतायत.

फक्त ते सुटणं योग्य वेळी व्हायला पाहिजे. धडक पूर्ण व्हायला साधारण एक दशांश सेकंद लागतो. त्यात पहिल्या १०-१५ मिलिसेकंदात प्रीटेन्शनरमधली छोटी स्फोटक पुडी पेटते आणि पट्टा मागे खेचते, कारण कपड्यांमुळे, सैल बसल्यामुळे पट्ट्यात जी ढील असते त्या अंतरात तुम्ही काही न थांबता नुसते पुढे जाता, ते अंतर फुकट जातं. म्हणजे आधी आवळायचं. मग छातीवरचा भार ठराविक मर्यादेला पोचला, बऱ्याच गाड्यांत ही मर्यादा ४ किलोन्यूटनच्या, म्हणजे साधारण ४०० किलोच्या भाराच्या, आसपास असते, की रिळाच्या मधोमध असलेला धातूचा दांडा पिळला जायला लागतो आणि पट्टा हळूहळू सुटतो, तोपर्यंत समोरची एअरबॅग फुगून तयार असते आणि उरलेला भार ती घेते. हा लोड लिमिटर. आधी घट्ट धर मग बेताने सोड, हे दोन्ही डोळ्याची पापणी लवेपर्यंत. बेल्टमध्ये इतकी वर्षं जे सुधारलं ते मला विचाराल तर हेच, की धरण्याबरोबर सोडायचंही शिकवलं. आणि म्हणूनच मोठ्या धडकेनंतर पट्टा धडधाकट दिसला तरी अख्खा सेट बदलायचा, पुडी जळलेली असते आणि दांडा पिळलेला असतो.

एअरबॅगचं पटकन सांगते. तिच्या नावातच 'पूरक' आहे, तिच्यावर एसआरएस लिहिलेलं असतं त्यातला पहिला एस म्हणजे सप्लिमेंटल. ती तुम्ही सीटवर योग्य अंतरावर आहात असं धरून फुगते. बेल्ट नसला की धडकेआधीच्या ब्रेकमध्येच तुम्ही पुढे सरकलेले असता आणि ताशी तीनशेच्या आसपास वेगाने उघडणारी पिशवी तुमच्या तोंडावर उघडते. शिवाय गाडी उलटताना, गोल फिरताना तुम्हाला सीटवर धरून ठेवणारं बेल्टशिवाय दुसरं काही नाही. पुढे बसलेल्यांचा मृत्यूचा धोका बेल्टने साधारण ४५ टक्क्यांनी कमी होतो असा अमेरिकेच्या एनएचटीएसए या सरकारी संस्थेचा अंदाज आहे, कारसाठी.

आग, किंवा गाडी पाण्यात पडणं: असे अपघात एकूण अपघातांत फार थोडे, आणि त्यातही बाहेर पडायला आधी शुद्धीवर असावं लागतं, जे बेल्टमुळेच होतं. बकल अडकू नये याचे नियम आहेत, युरोपातल्या नियमात धडकेच्या टेस्टनंतर ते ६० न्यूटनच्या आत, म्हणजे ६ किलोच्या आसपास जोराने, उघडलंच पाहिजे.

मागची सीट. २००२ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात जपानमधल्या अपघातांचा अभ्यास आला होता, त्यात मागच्यांनी बेल्ट लावलेला नसेल तर पुढे बेल्ट लावून बसलेल्यांचा मृत्यूचा धोका जवळजवळ पाचपट निघाला. मागचा माणूस पुढच्या सीटवर येऊन आदळतो, एवढं साधं आहे ते. पण इथे त्या मेसेज लिहिणाऱ्याला मी एक सांगीन, की राग इथे काढायला हवा होता. खूप गाड्यांमध्ये पुढच्या बेल्टला प्रीटेन्शनर आणि लोड लिमिटर आहेत आणि मागच्याला दोन्ही नाहीत, नुसतं रीळ. अमेरिकेच्या आयआयएचएस संस्थेने २०२२ मध्ये मागे लहान चणीच्या बाईएवढा डमी, म्हणजे टेस्टसाठीचा पुतळा, बसवून टेस्ट सुरू केली तेव्हा पहिल्या १५ छोट्या एसयूव्हींपैकी फक्त दोन 'चांगल्या' निघाल्या. हा आकडा त्या मेसेजमध्ये असता तर मी स्वतः फॉरवर्ड केला असता.

आता ते अर्धं खरं वाक्य, बेल्टने बरगड्या मोडतात. हो, मोडतात. गळपट्टीचं हाडही मोडतं, छातीवर पट्ट्याचा तिरका काळानिळा वळ उठतो. बेल्ट नसता तर तीच छाती स्टिअरिंगवर गेली असती हे उत्तर बरोबर आहे, पण ते देऊन विषय संपवणाऱ्यांचाही मला राग येतो. कारण कोणाच्या मोडतात ते बघा. म्हाताऱ्या माणसांच्या, ज्यांची हाडं ठिसूळ झालेली असतात, तरण्याबांड माणसाला चालणारा भार त्यांना चालत नाही. आणि बायकांच्या. २०१९ मध्ये व्हर्जिनिया युनिव्हर्सिटीच्या अभ्यासात समोरून धडक झाल्यावर बेल्ट लावलेल्या बाईला गंभीर इजा होण्याची शक्यता बेल्ट लावलेल्या पुरुषापेक्षा ७३ टक्के जास्त निघाली. वर्षानुवर्षं बहुतेक टेस्ट १७५ सेंटीमीटर, ७८ किलोच्या पुरुषाच्या डमीवर झाल्या, आणि बाईचा म्हणून जो डमी वापरतात तो दीड मीटर उंचीचा, ४९ किलोचा, म्हणजे मधल्या मापाची बाई त्यात नाहीच. स्वीडनमध्ये २०२२ मध्ये सरासरी बाईच्या मापाचा डमी दाखवला, तोवर वाट बघावी लागली.

उपाय बेल्ट काढणं नाही, सोडण्याची मर्यादा माणसाप्रमाणे बदलणं आहे. व्होल्वोने २०२५ मध्ये जाहीर केलेला बेल्ट उंची, वजन, बसण्याची पद्धत आणि धडकेचा जोर बघून ११ प्रकारांतून भार निवडतो, आधी त्यांच्याकडे ३ होते. हे महागड्या गाडीपुरतं राहू नये, आणि मागच्या सीटला पण मिळावं, एवढं मागणारा मेसेज फिरवा.

माझी आई बुटकी आहे. पट्टा तिच्या गळ्याला घासायचा म्हणून ती तो काखेखालून घ्यायची, कितीतरी वर्षं, आणि आम्ही कोणी काही बोललो नाही. काखेखालून पट्टा म्हणजे खांदा मोकळा आणि सगळा जोर खालच्या बरगड्यांवर, त्यांच्या मागे यकृत आणि प्लीहा. कोणीतरी तिला पट्टा ओढून धरणारी क्लिप पण आणून दिली होती, ती पट्ट्यात ढील ठेवते, प्रीटेन्शनर जे काढायला बघतो तेच. ती मी काढून टाकली. मग खांबावर जिथून पट्टा येतो ती कडी बटण दाबून खाली-वर होते हे तिला दाखवलं, दोन खाचा खाली घेतली, सीट थोडी वर केली, आणि पट्टा बरोबर खांद्याच्या मधोमध आला. पुढच्या सीटवर. मागे तशी कडीच नाही, तिथे बसली की तो परत गळ्याशी येतो.