टेबलावर पसरलेल्या नोटा

दिवाळीनंतर आम्ही चौघं मित्र गोव्याला गेलो, तेव्हा मांडवीतल्या एका कॅसिनोच्या जहाजावरही चढलो. जुगार म्हटलं की पोळ्याला गावात झाडाखाली रंगलेला डाव अन् पोलीस आले की पळापळ, एवढंच आपलं ज्ञान. दोन हजार घालवले आणि मग नुसता बघत बसलो.

टेबलावर डाव चालवणाऱ्या डीलर पोरीनं माझ्या नोटा सरळ गल्ल्यात टाकल्या नाहीत. छतातल्या कॅमेऱ्याला दिसतील अशा एकेक सुट्या टेबलावर पसरल्या, मोठ्यानं रक्कम सांगितली, मगच चिप्स, म्हणजे पैशांऐवजी खेळायच्या चकत्या, दिल्या. पाळी संपवून उठताना टाळी वाजवून दोन्ही तळवे उलटसुलट दाखवले. मला वाटलं, नमस्काराचीच काही तऱ्हा असेल! तर हातात चिप लपवलेली नाही, याचा तो पुरावा. डीलरवर सुपरवायझरची नजर, त्याच्यावर बऱ्याच टेबलांचा कारभार बघणाऱ्या पिट बॉसची आणि सगळ्यांवर कॅमेऱ्याच्या खोलीतल्यांची.

हे काही आपल्या प्रेमापोटी नाही. रूलेट म्हणजे आकड्यांच्या घरांचं फिरतं चाक. एका शून्याच्या रूलेटवर घरं 37 आणि आकडा लागला तर लावलेले पैसे परत अन् वर मिळतात 35 पट. या फरकातच दर शंभर रुपयांमागे सरासरी 2 रुपये 70 पैसे मालकाचे. एवढी कमाई बसल्याजागी होत असताना तो लबाडी कशाला करेल? त्याला भीती लबाडाची. तरी कधी कधी कुंपणच शेत खातं. अमेरिकेत नेवाडा राज्यात जुगाराची यंत्रं तपासणाऱ्या सरकारी खात्यातलाच रॉन हॅरिस यंत्रांत फेरफार करायचा. 1995 मध्ये सापडला.

माझा जीव जळतो तो इथल्या प्रकारानं. 2023 मध्ये नागपूरच्या एका व्यापाऱ्यानं ऑनलाइन जुगारात 58 कोटींना फसल्याची तक्रार दिली, पोलिसांनी गोंदियात धाड टाकली, तेव्हा शहरभर तीच चर्चा. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्रानं पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदाही केला. तरी परवा धरमपेठेतल्या पानठेल्यावर आमचा एक दोस्त कुठल्याशा लिंकवर रूलेट फिरवत होता. चाक कोण फिरवतं, कोणाला पत्ता नाही.

"अबे, यात कोनी फसवत नाही, कंप्युटर असते ना," तो म्हणाला.

"अन् त्या कंप्युटरवर कॅमेरा कोनाचा बे?"

हसला. तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची पुडी सोडली, चिमूट तोंडात टाकली आणि आणखी पाचशे लावले.