खाजेची ट्यूब मागण्याआधी एवढं वाचा

मेडिकलच्या काउंटरवर उभं राहून रोज जे बघते त्यावर, म्हणजे नाजूक जागेची खाज, अंगावरून पांढरं जाणं आणि लपवलेले गुप्तरोग यावर आज सविस्तर लिहितेय. पोस्ट मोठी आहे पण प्लीज पूर्ण वाचा, आणि बायकांनी वाचून झाली की घरातल्या पुरुषांनाही वाचायला द्या, कारण हा विषय दोघांचा आहे.

दुकानात गर्दी असली की बाई बाजूला थांबते. बाकीची गिऱ्हाईकं गेली की पुढे येते आणि काउंटरवर वाकून हळूच म्हणते, "ताई, ते खाजेचं काहीतरी द्या ना." कुठे खाज येते विचारलं की नजर खाली. पुरुष तर तेवढंही बोलत नाहीत, ट्यूबच्या खोक्याचा फाडलेला तुकडा पुढे सरकवतात नाहीतर पोराला पाठवतात. आणि मागतात ती बहुतेक वेळा एकाच प्रकारची ट्यूब, स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध सगळं एकत्र असलेली. मी ती चिठ्ठीशिवाय देत नाही, लोक चिडतात, पलीकडे मिळते की म्हणतात आणि जातात.

स्टेरॉइडने खाज दोन दिवसात थांबते म्हणून गुण आला असं वाटतं. पण बुरशी तिथेच असते आणि स्टेरॉइडमुळे तिला उलट रान मोकळं मिळतं, ट्यूब बंद केली की नायटा आधीपेक्षा जास्त पसरतो, मग परत ट्यूब. जांघेतली कातडी मुळात पातळ, तिथे महिनोन्महिने क्लोबेटासोल (त्या ट्यूबमधलं जोरदार स्टेरॉइड) चोळलं की ती आणखी पातळ होते, लांब वळ उठतात आणि ते वळ नंतर जात नाहीत. 2018 मध्ये सरकारने क्लोबेटासोलसारखी मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायचीच नाहीत, तरी सर्रास मिळतात. मला याचा मनापासून राग येतो, आमच्याच धंद्यातली गोष्ट असली तरी.

आता बायकांचं. अंगावरून पांढरं जाणं म्हणजे दरवेळी आजार नाही. दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसात चिकट पारदर्शक जातं, गरोदरपणात जास्त जातं, वास नाही खाज नाही तर घाबरायचं कारण नाही. त्याने हाडं झिजतात, ताकद निघून जाते हे आपल्याकडे पिढ्यानपिढ्या सांगितलं जातं ते खरं नाही, थकवा येत असेल तर हिमोग्लोबिन तपासा, तिथेच कमतरता सापडायची शक्यता जास्त.

आजाराचं पांढरं मात्र वेगळं असतं आणि तेही एक नसतं. दह्याच्या चोथ्यासारखं घट्ट, सोबत जीव नकोसा करणारी खाज, लघवी करताना बाहेरून आग, ही बहुतेकदा बुरशी, म्हणजे कॅन्डिडा. अँटिबायोटिकचा कोर्स झाल्यावर, गरोदरपणात किंवा शुगर वाढलेली असताना ही हमखास डोकं वर काढते. पातळ, राखाडीसर, मासळीसारखा वास येणारं आणि संबंधानंतर तो वास वाढणारं, खाज फारशी नाही, हे बॅक्टेरियाचं. योनीत चांगले जंतू असतात ते आम्ल तयार करून बाकीच्यांना दूर ठेवतात, त्यांची संख्या घटली की हे होतं. बायका वास येतो म्हणून आतून साबणाने, अँटिसेप्टिकने धुतात आणि उरलेसुरले चांगले जंतूही जातात. बाहेरून साधं पाणी पुरे आहे गं, आतून काहीही धुवायचं नाही. तिसरं पिवळट-हिरवट, फेसाळ, वास आणि खाज दोन्ही, हे ट्रायकोमोनास, संबंधातून येणारं. याच्यात नवऱ्याला बहुतेक वेळा काहीच त्रास होत नाही, म्हणून तो गोळ्या घेत नाही, आणि बायको बरी होऊन परत आजारी पडते.

बुरशीच्या औषधाने बाकीची दोन बरी होत नाहीत. त्या दोन्हींसाठी देतात त्या मेट्रोनिडाझोलने बुरशी जात नाही. वर सांगितलेली लक्षणंही एकमेकात मिसळतात, दोन इन्फेक्शन एकत्र असू शकतात. काउंटरच्या अलीकडून मी काय ओळखणार? तपासावंच लागतं. आणि डॉक्टर न तपासता लिहून द्यायला लागले तर "एकदा तपासून बघता का" असं आपण म्हणायचं, डॉक्टर बाईंनी आत बघितलं की बऱ्याच गोष्टी तिथल्या तिथे कळतात.

ओटीपोटात दुखणं, ताप, संबंधाच्या वेळी आत दुखणं, यातलं काही असेल तर मेडिकलमध्ये वेळ घालवू नका. गोनोरिया आणि क्लॅमिडिया हे संबंधातून येणारे आजार बायकांमध्ये कितीतरी वेळा गुपचूप राहतात आणि गर्भनलिकेपर्यंत पोचले की पुढे मूल राहायला अडचण येते. संबंधानंतर रक्त जाणं किंवा पाळी बंद झाल्यावर परत रक्त दिसणं, हे तर त्याच आठवड्यात दाखवायचं, गर्भाशयाचा किंवा त्याच्या तोंडाचा कॅन्सर नाही ना हे बघावं लागतं.

पुरुषांना लघवीच्या जागेतून पू येत असेल, लघवीला जळजळ होत असेल तर "उन्हाळी लागलीय" म्हणून सब्जा पीत बसू नका. त्या जागेवरची जखम दुखत नाही म्हणून सोडू नका, सिफिलिस या संबंधातून येणाऱ्या आजाराची जखम सहसा दुखत नाही आणि काही आठवड्यात आपोआप भरते, माणूस खुश होतो, आजार मात्र रक्तात राहतो. रक्ताच्या तपासणीत कळतो आणि पेनिसिलिनच्या इंजेक्शनने बरा होतो. दुखऱ्या पाण्याच्या फोडांचा पुंजका परत परत येत असेल तर तो हर्पिस असू शकतो, त्याचं औषध वेगळं.

आणि एक गोष्ट जी मला हल्ली फार दिसते. शुगरच्या डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या लघवीतून साखर बाहेर टाकतात, पेटंट संपल्यावर स्वस्त झाल्या, खूप लोक घेतात. गोळ्या चांगल्याच आहेत पण त्या साखरेवर बुरशी वाढते, पुरुषांच्या लिंगाच्या पुढच्या कातडीला लाली, चिरा, पांढरा थर. काका लोक हे बायकोलाही सांगत नाहीत. गोळी स्वतःहून बंद करू नका, पण ज्यांनी लिहून दिली त्यांना सांगा. शुगर नाही असं समजणाऱ्याला हे वारंवार होत असेल तर त्याने शुगर तपासावी.

1989 साली डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावातल्या 650 बायकांची तपासणी छापली, 92 टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग निघाला आणि त्याआधी तपासणी झालेल्या फक्त 8 टक्के. इतक्या वर्षांनी आमच्या तालुक्याच्या गावात, दवाखाना चालत जाण्याच्या अंतरावर असताना, बायका अजून अंगावरच काढतात. शिकलेल्याही.

पैशाचं कारण असेल तर जिल्हा रुग्णालयात आणि सरकारी मेडिकल कॉलेजात गुप्तरोगांसाठी सुरक्षा क्लिनिक असतं. तिथे लक्षणांप्रमाणे रंगाची किट फुकट मिळतात, पांढरं जाण्यासाठी हिरवं, ओटीपोटाच्या दुखण्यासाठी पिवळं असं, समुपदेशक असतात आणि जोडीदाराचीही ट्रीटमेंट होते. 1097 या सरकारी एड्स हेल्पलाइनवर फोन केला तर फुकटात माहिती देतात, नाव सांगावं लागत नाही. केसपेपरच्या खिडकीवर सगळ्यांदेखत बोलायला संकोच वाटत असेल तर नुसतं "बाई डॉक्टरांना दाखवायचंय" म्हणा, बाकीचं आत गेल्यावर. जाताना आत्तापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूब, संपलेल्या असल्या तरी, पिशवीत घालून घेऊन जा, डॉक्टरांना त्यावरून खूप कळतं. आणि मला इनबॉक्सला फोटो पाठवून औषध विचारू नका, मी सांगणार नाही.