डोळे आले की मेडिकलचे थेंब? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की सर्दी नाकाची आणि डोळे येणं डोळ्यांचं, या दोन्हींचा संबंध लावून मी माझ्या लेखात लोकांना उगाच घाबरवतो. शिवाय नातवाचे डोळे आले तेव्हा मेडिकलमधून आणलेल्या थेंबांनी लाली दोन दिवसांत गेली, मग 'बहुतेक वेळा अँटिबायोटिक थेंब लागत नाहीत' हे मी कशाच्या जोरावर लिहिलं?

आधी संबंधाचं बघू. डोळ्यात थेंब टाकले की थोड्या वेळाने घशाला कडू लागतं, आणि रडलं की नाक वाहतं. पापण्यांच्या नाकाकडच्या कोपऱ्यात दोन बारीक छिद्रं असतात. डोळ्यातलं पाणी तिथून नळीवाटे नाकात उतरतं. डोळ्याचं पांढरं झाकणारी पातळ त्वचाही नाकातल्या त्वचेसारखीच ओली आणि उघडी असते. समोरच्याच्या शिंकेचे तुषार तिच्यावर बसतात, आणि नाक पुसलेला हात तर दिवसभर डोळ्याकडे जातच असतो.

नातवाला आधी तीन दिवस ताप आणि घसादुखी होती, हे तुम्हीच लिहिलंय. ताप, घसा आणि लाल डोळे हे तिन्ही एकत्र आले की माझा पहिला संशय अ‍ॅडेनोव्हायरसवर जातो. 1953 साली तो प्रथम सापडला तो मुलांच्या नाकामागच्या अ‍ॅडेनॉइड ग्रंथींत, आणि नावही त्यावरूनच पडलं. फ्लूचंही उदाहरण आहे. 2003 मध्ये नेदरलँड्समध्ये कोंबड्यांचा एच7एन7 फ्लू 89 माणसांना झाला आणि त्यातल्या 78 जणांचे फक्त डोळे आले होते. त्याच साथीत एक पशुवैद्य न्यूमोनियाने दगावले.

आता थेंबांचं. 'दोन दिवसांत लाली गेली' हे वाचून मला काळजी वाटली. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. लाली इतक्या झटकन उतरली असेल, तर त्या बाटलीत स्टिरॉइड मिसळलेलं असण्याची शक्यता आहे, कारण असे जोडथेंब आपल्याकडे सर्रास दिले जातात. स्टिरॉइडने सूज आणि लाली दबते, विषाणू मरत नाही. उलट तो डोळ्यात जास्त दिवस रेंगाळू शकतो. आणि ती लाली अ‍ॅडेनोची नसून नागिणीच्या जातकुळीतल्या हर्पिसची असली, तर स्टिरॉइडमुळे बुबुळावरची जखम पसरते आणि नजर कायमची जाऊ शकते. हेच थेंब महिनोन्‌महिने घातले तर डोळ्याचा दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो. जुनी बाटली फडताळात ठेवून दर वेळी तीच वापरणारी घरं मी पाहिली आहेत, म्हणून इतकं कळवळून लिहितोय.

माझी चूक मात्र वेगळीच आहे. 'आठ-पंधरा दिवसांत आपोआप बरं होतं' असं मी सरसकट लिहिलं, ते जास्तच धीर देणारं होतं. अ‍ॅडेनोच्या काही प्रकारांत डोळे निवळल्यावर, साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, बुबुळावर बारीक पांढुरके ठिपके उमटतात. नजर धूसर होते, उजेड खुपतो, आणि हे कधी कधी महिनोन्‌महिने चालतं. तिथे आम्ही डोळ्यांचे डॉक्टरही स्टिरॉइड देतो, पण बुबुळ भिंगाखाली तपासून, मोजून, आणि हळूहळू कमी करत. मूळ लेखात आज ही दुरुस्ती करतो आहे.

एक राहिलं. हा विषाणू सॅनिटायझरला सहज दाद देत नाही, कोरड्या टॉवेलवर बरेच दिवस टिकतो. त्यामुळे साबणाने हात धुवा, नातवाचा टॉवेल आणि उशीचा अभ्रा वेगळा ठेवा. डोळ्यातून पाणी येतंय तोवर त्याला शाळेत पाठवू नका. नुसतं बघितल्याने डोळे येत नाहीत, त्यामुळे घरच्यांना गॉगलची गरज नाही.

आणि ती बाटली हातात घ्या. तिच्यावर डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन किंवा लोटेप्रेडनॉल यांपैकी काही लिहिलं असेल, तर नातवाला बाटलीसकट जवळच्या नेत्रतज्ज्ञाकडे या आठवड्यातच न्या. फळ्यावरचं पुसट दिसतं का, रात्री दिव्याभोवती वलय दिसतं का, हे त्याला आजच विचारा.