तेरावा महिना

कोस्टा रिकाला कधी जावे, या प्रश्नाचे उत्तर फार सोपे आहे, अशी माझी समजूत होती: डिसेंबर ते एप्रिल कोरडे, मे ते नोव्हेंबर पावसाचे, तेव्हा कोरड्यात जावे. तो देश विषुववृत्ताच्या उत्तरेला असूनही तिथले लोक जानेवारीला उन्हाळा आणि सप्टेंबरच्या चिखलाला हिवाळा म्हणतात, हे वाचले तेव्हाच मी सावध व्हायला हवे होते.

पत्नीला तोर्तुगेरोच्या किनाऱ्यावर हिरवी कासवे अंडी घालताना पाहायची होती, म्हणजे जुलै ते ऑक्टोबर. चिरंजीवांना घरटे करणारा क्वेत्झाल पक्षी हवा होता, म्हणजे मार्च-एप्रिल. सोबत येणाऱ्या सासूबाईंची अट एवढीच, की भिजायचे नाही. मी मार्च सुचवला, तर कळले की तेव्हा वायव्येकडचा ग्वानाकास्ते प्रांत आमच्या सासुरवाडीसारखा, म्हणजे ऐन मे महिन्यातल्या सोलापूरसारखा, करडा पडलेला असतो. शिवाय ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात अर्धा देश समुद्रावर लोटतो. मोन्तेव्हेर्देचे जंगल हिरवे राहते खरे, पण ते ढगातच उभे असल्यामुळे कोरड्या ऋतूतही तिथे धुके आणि भुरभुर असते. भुरभुर म्हणजे भिजणे की नाही, या वादात आमचा एक अख्खा रविवार गेला.

अखेर नकाशाने तारले. देशाच्या मधोमध डोंगररांगा असल्यामुळे दोन्ही किनाऱ्यांचे पाऊसमान निराळे आहे, आणि पॅसिफिक बाजूला पाऊस कोसळत असतो त्याच सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कॅरिबियन बाजूला चांगली उघडीप असते. कासवेही त्याच बाजूला! क्वेत्झालवर पाणी सोडायला चिरंजीवांना एका सायकलीच्या बोलीवर राजी केले आणि मी विजयी मुद्रेने सोलापूरला फोन लावला.

"आधी गणपती, मग पितृपंधरवडा, मग नवरात्र," सासूबाई म्हणाल्या. "यात तुम्ही विमानात बसणार कधी, जावईबापू?"

"मग तेरावा महिनाच शोधावा लागेल," मी वैतागून म्हणालो.

फोनवर दिनदर्शिकेची पाने उलटल्याचा आवाज आला आणि सासूबाईंनी तो शोधलासुद्धा: 2026 सालचा अधिक ज्येष्ठ, 17 मे ते 15 जून. कोस्टा रिकात तेव्हा पावसाला नुकतीच सुरुवात झालेली असते आणि हिरव्या कासवांचा हंगाम सुरू व्हायचा असतो, हे मी त्यांना सांगणार, एवढ्यात त्यांना आठवले की धोंड्याच्या महिन्यात जावयाला अनारशांचे वाण द्यायचे असते.

आमची सोलापूरची तिकिटे 20 मेची आहेत. वळवाने दगा दिला नाही, तर सासूबाईंची अट तंतोतंत पाळली जाईल.