मृतांची छायाचित्रे आणि आपला शहारा

समाजमाध्यमांवर जुन्या इंग्रज आणि अमेरिकी छायाचित्रांचा एक संच अधूनमधून फिरत येतो आणि त्याखालचा मजकूरही ठरलेला असतो: व्हिक्टोरियन काळातील लोक मृतदेहांना चांगले कपडे चढवून, लोखंडी स्टँडच्या आधाराने उभे करून कुटुंबासोबत त्यांचे फोटो काढत. त्या काळी मृतांची छायाचित्रे काढली जात, हे खरे आहे. उभे करण्याची कथा मात्र जवळजवळ संपूर्णपणे रचलेली आहे. ते स्टँड जिवंत माणसांसाठीच होते. सुरुवातीच्या कॅमेऱ्यांसमोर बराच वेळ निश्चल राहावे लागे, तेवढ्यात मान हलू नये म्हणून पाठीमागे हे टेकण ठेवले जाई, आणि निर्जीव देहाचा भार पेलण्याची ताकद त्यात नव्हतीच. चादरीखाली झाकलेल्या बाईच्या मांडीवरचे मूल मृत आहे असेही छातीठोकपणे सांगितले जाते. प्रत्यक्षात ती बाई म्हणजे चुळबुळ करणाऱ्या, चांगल्या जिवंत मुलाला धरून बसलेली त्याची आई किंवा दाई असे.

खरोखरच्या मृतांची चित्रे बहुधा पलंगावर, सोफ्यावर, शवपेटीत किंवा आईच्या मांडीवर, झोप लागल्यासारखी घेतलेली आहेत. बोस्टनच्या साउथवर्थ अँड हॉज या नामांकित स्टुडिओने १८४०च्या दशकात, मृतांची चित्रे आम्ही स्टुडिओत किंवा घरी येऊन काढून देऊ, अशी उघड जाहिरात केली होती. अशा चित्रांत कधीकधी गालांवर हाताने फिकट गुलाबी रंगही भरला जाई. १८३९मध्ये डॅगेरोटाइप हे छायाचित्रणाचे सुरुवातीचे तंत्र जाहीर होण्यापूर्वी आपल्या माणसाचा चेहरा जपून ठेवणे चित्रकाराला पैसे मोजू शकणाऱ्यांनाच शक्य होते. इंग्लंडमध्ये त्या काळी जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी सुमारे दीडशे मुले वर्षाची होण्याआधीच दगावत, आणि त्यांपैकी अनेकांचा जिवंतपणी एकही फोटो निघालेला नसे. डॅगेरोटाइपला निगेटिव्ह नसते. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर उमटलेली ती एकच प्रत, मखमलीचे अस्तर लावलेल्या छोट्या पेटीत ठेवलेली. मूल होऊन गेले याची आईजवळ उरलेली खूण अनेकदा तेवढीच होती, आणि त्या चित्राकडे पाहून आपण ‘भयानक’ अशी प्रतिक्रिया देतो.

मला खटकते ते दुसरेच. याच काळातला शोकाचा काळा पोशाख, जेट या काळ्या खड्याचे दागिने, मृताच्या केसांची लॉकेटे यांचे आज कौतुक होते, आणि माझ्या मते निर्दयपणा होता तो तिथे. विधवेने सुमारे अडीच वर्षे शोकवस्त्रे घालावीत, त्यातले पहिले वर्ष अंगावर चरचरणारे काळे क्रेपचे कापड वागवावे, असा संकेत होता. विधुराची सुटका त्या मानाने फार लवकर होई. लंडनच्या रीजंट स्ट्रीटवर १८४१मध्ये केवळ शोकवस्त्रांचे भले मोठे दुकान निघाले, यावरून या दुःखाची बाजारपेठ केवढी होती ते कळते. पती प्रिन्स अल्बर्ट १८६१मध्ये वारल्यावर राणी व्हिक्टोरियाने १९०१पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, काळा वेष सोडला नाही, आणि तिच्या उदाहरणाने हा संकेत अधिकच घट्ट झाला. (आपल्याकडे तेव्हा केशवपन चालू होते, त्यामुळे इंग्रजांना नावे ठेवताना जरा बेतानेच.) छायाचित्र घरच्यांच्या इच्छेने निघे, वेष न पाळणारीकडे मात्र शेजारपाजार बोट दाखवी.

पहिल्या महायुद्धाने हे सारे मोडले. मृतांची संख्या इतकी प्रचंड होती आणि देह मायदेशी आणायचे नाहीत हा ब्रिटिश सरकारचा निर्णय इतका पक्का होता, की घरोघरची जुनी रीत टिकणे अवघड झाले. पुढे मरण इस्पितळात गेले. एकोणिसाव्या शतकात लैंगिकतेबद्दल जसा संकोच होता तसाच आता मृत्यूबद्दल आहे, असे जेफ्री गोरर या इंग्रज मानववंशशास्त्रज्ञाने १९५५मध्ये मांडले, आणि ते मला अजूनही पटते.

गंमत म्हणजे, बसवलेल्या देहाचे खरे छायाचित्र पाहायचे तर लंडनला जाण्याची गरज नाही. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईच्या सरदारगृहात लोकमान्य टिळकांचे निधन झाले, त्यानंतर त्यांचे पार्थिव पद्मासनात बसवले होते आणि त्याचे छायाचित्र उपलब्ध आहे. ते पाहून कोणी मराठी माणूस शहारत नाही, कारण त्यामागचा आदर आपल्याला ठाऊक आहे.

ही प्रथा पुरती संपलेलीही नाही. अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये २००५ साली सुरू झालेल्या ‘नाउ आय ले मी डाउन टू स्लीप’ या संस्थेचे स्वयंसेवक छायाचित्रकार इस्पितळात जाऊन, मृत जन्मलेल्या किंवा काही तासांचेच आयुष्य असलेल्या बाळांची त्यांच्या आईवडिलांसोबत छायाचित्रे काढतात आणि त्यांचे पैसे घेत नाहीत. ती कोणाला दाखवायची हे ते आईवडीलच ठरवतात. एकोणिसाव्या शतकातल्या कुटुंबांचीही ही चित्रे घरातल्या माणसांपुरतीच होती. खोटा मजकूर जोडून ती जगभर पाठवण्याचा उद्योग आपल्या काळातला आहे.