लाच घेऊन मत दिलं तर खटला होत नाही, हे आता खरं नाही

आघाडी सरकारांच्या सौदेबाजीवरचा एक संदेश सध्या फिरतोय: ‘आमदार-खासदाराने पैसे घेऊन सभागृहात मत दिलं तरी राज्यघटनेच्या संरक्षणामुळे त्याच्यावर खटला चालत नाही.’ मागच्या आठवड्यात मीही तो पुढे पाठवला होता. ती चूक माझी, म्हणून हा खुलासा.

ही गोष्ट एकेकाळी खरी होती. जुलै १९९३ मध्ये नरसिंह राव यांच्या अल्पमतातल्या सरकारविरुद्धचा अविश्वास ठराव २५१ विरुद्ध २६५ मतांनी पडला. पुढे झारखंड मुक्ती मोर्चाच्या खासदारांनी त्यासाठी पैसे घेतल्याचं प्रकरण न्यायालयात गेलं. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ३ विरुद्ध २ असा निकाल दिला: लाच घेऊन ठरल्याप्रमाणे मत दिलेल्या खासदारांना राज्यघटनेच्या कलम १०५(२) चं, म्हणजे सभागृहातल्या मतासाठी खटला न होण्याचं, संरक्षण आहे. पण लाच घेऊन मतच न दिलेल्याला ते नाही! म्हणजे सौदा पाळणारा सुटला, न पाळणारा अडकला. आजही हे वाचताना जीव कळवळतो.

मात्र ४ मार्च २०२४ रोजी सात न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्यसभा निवडणुकीत मतासाठी लाच घेतल्याचा आरोप असलेल्या झारखंडच्या आमदार सीता सोरेन यांच्या प्रकरणात तो निकाल एकमताने रद्द ठरवला. लाच स्वीकारली त्या क्षणीच गुन्हा पूर्ण होतो, मत कसंही दिलं तरी. आमदारांना तसंच संरक्षण देणाऱ्या कलम १९४(२) लाही हेच लागू, आणि राज्यसभा निवडणुकीत आमदारांनी केलेल्या मतदानालाही. निकालपत्र न्यायालयाच्या संकेतस्थळावर आहे; मी ते वाचूनच लिहितोय.

जुना संदेश कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच गटात हा खुलासा टाका.