टायरमधली हवा काढण्याआधी हे वाचा

परवा रात्री साडेदहाला भाच्याचा मेसेज आला. ‘मामा, बाबांच्या गाडीच्या टायरमधली हवा दहा पीएसआयने कमी केली तर काही होणार नाही ना? ग्रिप वाढते म्हणतात.’ (पीएसआय म्हणजे हवेचा दाब मोजायचं एकक.) खाली एक फॉरवर्ड जोडलेला. तोच फॉरवर्ड गेल्या महिनाभरात मला आणखी तिघांनी पाठवला होता आणि तिन्ही वेळा मी दुर्लक्ष केलं होतं. तेव्हाच उत्तर द्यायला हवं होतं. आता देतो.

फॉरवर्ड ‘फोर्झा होरायझन ५’ या रेसिंग गेमबद्दल आहे. मथळा असा: ‘एकच मास्टर ट्यून, सगळ्या स्पोर्ट्स कारसाठी’. ट्यून म्हणजे गाडीच्या सेटिंगचा संच. त्यात सांगितलंय ते थोडक्यात: पुढचा अँटी-रोल बार (वळणात गाडी कलू नये म्हणून लावलेली दांडी) १ वर म्हणजे सगळ्यात मऊ, मागचा ६५ वर म्हणजे सगळ्यात कडक. डिफरेन्शियल (वळणात डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) १०० टक्के लॉक. गाडी होईल तेवढी खाली. मागची विंग (वेगात गाडीला खाली दाबणारं पंखासारखं पान) पूर्ण. फायनल ड्राइव्ह (इंजिन आणि चाकांमधलं शेवटचं गिअर प्रमाण) लांब, म्हणजे टॉप स्पीड वाढतो. सगळे असिस्ट (गाडी सांभाळायला गेम देतो ती मदत) बंद. टायरमध्ये हवा कमीत कमी, म्हणजे १५ पीएसआय. आणि मग शेवटची ओळ, जिच्यामुळे मी हे लिहायला बसलो: ‘ही ट्रिक खऱ्या गाडीतही चालते. कंपनी सांगते त्यापेक्षा १० पीएसआय हवा कमी ठेवा, गाडी रस्त्याला चिकटून चालेल.’

शेवटच्या ओळीपासूनच सुरुवात करतो. बाकीचे मुद्दे चुकले तर फार तर लॅप वाया जाईल. या ओळीने जीव जाऊ शकतो.

टायरमध्ये हवा कमी असली की त्याची बाजूची भिंत जास्त दबते. चाक फिरत असताना रस्त्याला टेकणारा भाग दबतो, वर गेला की सरळ होतो, पुन्हा खाली आला की पुन्हा दबतो. ताशी ९० किलोमीटरच्या वेगाला साध्या कारचं चाक सेकंदाला बारा-तेरा फेरे घेतं. म्हणजे भिंतीचा प्रत्येक भाग सेकंदाला बारा-तेरा वेळा वाकतो आणि सरळ होतो. लोखंडी तार हातात धरून पुढेमागे वाकवली की वाकते ती जागा गरम होते, तसंच रबराचं होतं. हवा जितकी कमी तितकं वाकणं जास्त आणि तितकी उष्णता जास्त. उष्णता साठत गेली की टायरचे आतले पदर एकमेकांपासून सुटायला लागतात. बाहेरून काही दिसत नाही. मग एकदम टायर फुटतो किंवा त्याचा वरचा पट्टा सोलून निघतो.

हा नुसता तर्क नाही, जगाने याची मोठी किंमत मोजली आहे. ऑगस्ट २००० मध्ये अमेरिकेत फायरस्टोनने जवळपास ६५ लाख टायर परत मागवले. त्यातले बरेचसे फोर्ड एक्सप्लोरर या गाडीवर बसवलेले होते. वेगात असताना टायरचा पट्टा सुटायचा आणि उंच गाडी उलटायची. दोनशेहून अधिक माणसं गेली. टायरच्या बनावटीत दोष होता, हे तपासात निघालं. पण वादाचा दुसरा मुद्दा हवेचाच होता. फोर्डने त्या गाडीसाठी २६ पीएसआय सांगितलं होतं आणि फायरस्टोनचं म्हणणं होतं की ३० ठेवायला हवं. चार पीएसआयच्या फरकावर दोन बलाढ्य कंपन्या अमेरिकी संसदेसमोर भांडत होत्या, आणि हा फॉरवर्ड दहा काढायला सांगतो.

त्याच वर्षी अमेरिकेत टायर सुरक्षेचा नवा कायदा झाला. त्यातूनच पुढे नव्या हलक्या गाड्यांमध्ये टायरमधली हवा कमी झाली की डॅशबोर्डवर दिवा लागलाच पाहिजे असा नियम आला, आणि सप्टेंबर २००७ पासून तो सगळ्या नव्या गाड्यांना लागू झाला. दिवा कधी लागावा, तेही नियमात लिहिलंय: कंपनीने सांगितलेल्या दाबापेक्षा हवा २५ टक्क्यांनी कमी झाली की. आता हिशोब करा. गाडीला ३३ पीएसआय सांगितलेलं असेल तर २५ टक्के म्हणजे सव्वाआठ. पावणेपंचवीसला दिवा लागतो. फॉरवर्ड ऐकून १० काढली तर उरतात २३. म्हणजे सरकारी नियमाने जिथे धोक्याचा दिवा लावलाय, त्याच्याही खाली जाऊन ‘ग्रिप वाढली’ म्हणायचं.

ओल्या रस्त्यावर तर आणखी वाईट. टायर पाण्यावर तरंगायला लागतो, रस्ता सोडतो, आणि स्टिअरिंग फिरवलं तरी गाडी सरळच जाते. हे कोणत्या वेगाला होतं याचं एक सूत्र नासाच्या अभ्यासकांनी १९६३ मध्ये मांडलं. तो वेग टायरमधल्या दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. सूत्र विमानाच्या टायरवरून काढलेलं आहे, कारच्या टायरला आकडे तंतोतंत लागू होत नाहीत, पण दिशा तीच राहते. त्या सूत्राने ३३ पीएसआयला वेग येतो ताशी साधारण ९६ किलोमीटर आणि २३ ला साधारण ८०. म्हणजे कालपर्यंत ज्या वेगाला गाडी पावसात नीट वळत होती, त्याच वेगाला ती आज वळणार नाही.

यात अर्धं सत्य आहे, तेही सांगून टाकतो. हवा कमी केली की रबराचा जास्त भाग जमिनीला टेकतो, हे खरंय. ड्रॅग रेसमध्ये मागच्या टायरमध्ये हवा मुद्दाम कमी ठेवतात. वाळूत गाडी रुतू नये म्हणून हवा काढतात आणि डांबरी रस्त्यावर आल्यावर परत भरतात. सर्किटवरच्या गाड्यांमध्येही सुरुवातीचा दाब कमी असतो, कारण टायर तापला की आतली हवा तापते आणि दाब वर चढतो. पण तिथेही मनमानी चालत नाही. फॉर्म्युला वनमध्ये टायर पुरवणारी पिरेली कमीत कमी दाब ठरवून देते. २०१५ च्या मोंझा शर्यतीत लुईस हॅमिल्टनच्या मागच्या डाव्या टायरमध्ये हवा ठरलेल्या मर्यादेपेक्षा फक्त ०.३ पीएसआय कमी निघाली. शर्यत तो जिंकला होता, तरी पंचांनी चौकशी लावली. शेवटी कारवाई झाली नाही, पण चौकशी झाली. जगातले सगळ्यात कुशल ड्रायव्हर, दर काही लॅपनंतर बदलले जाणारे टायर, आणि तरीही पाव-अर्ध्या पीएसआयचा हिशोब ठेवला जातो. का, ते वर लिहिलंच आहे.

गेममध्ये १५ पीएसआय ठेवून काहीच वाईट होत नाही, कारण गेममधला टायर तापून सोलून निघत नाही. आणि गाडी दरीत गेली तर रिवाइंडचं बटण आहे.

आता गेमकडे वळतो. इथेही फॉरवर्ड चुकीचाच आहे, आणि सगळ्यात जास्त चुकीचा अँटी-रोल बारबद्दल.

गाडी वळते तेव्हा आतल्या चाकांवरचं वजन बाहेरच्या चाकांवर जातं. किती जातं, ते गाडीचं वजन, गुरुत्वमध्याची उंची आणि डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर यावर ठरतं. १४०० किलोची गाडी, गुरुत्वमध्य जमिनीपासून ५० सेंटिमीटर वर, चाकांमधलं अंतर १.६ मीटर, आणि वळणात एक ‘जी’ (गुरुत्वाकर्षणाइतका) जोर धरला तर साधारण ४३७ किलो आतून बाहेर सरकतात. अँटी-रोल बार कितीही कडक केला तरी हा आकडा जवळपास तेवढाच राहतो. बारचं काम एवढंच की या ४३७ किलोंपैकी पुढच्या जोडीवर किती आणि मागच्या जोडीवर किती सरकावेत, हे ठरवायचं. ज्या जोडीचा बार कडक, त्या जोडीच्या चाकांमध्ये जास्त वजन आतून बाहेर जातं.

आणि टायरचा एक स्वभाव आहे, वाहनशास्त्राच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात तो सापडेल. भार दुप्पट केला म्हणून ग्रिप दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. त्यामुळे एका चाकावर खूप आणि दुसऱ्यावर थोडा भार असेल तर त्या जोडीची एकूण ग्रिप घटते. थोडक्यात, ज्या जोडीचा बार कडक कराल तिथली पकड सैल होते. मागचा बार कडक केला की मागची पकड आधी जाते.

म्हणून १ आणि ६५ हे आकडे कधीकधी चालतात, हे मला मान्य करावं लागतं. फोर-व्हील ड्राइव्ह गाडी (चारही चाकांना ताकद मिळणारी) या गेममध्ये वळणात नाक बाहेर ढकलते, म्हणजे अंडरस्टिअर करते. तिची मागची पकड मुद्दाम कमी केली की नाक वळायला लागतं. अनेक वेगवान खेळाडू तशा गाड्यांवर हे आकडे ठेवतात. फॉरवर्ड बनवणाऱ्याने तिथूनच ते उचलले असणार. पण ‘सगळ्या स्पोर्ट्स कारसाठी’ हे त्याने मनानेच जोडलं.

भाच्याची आवडती गाडी पोर्शे ९११. इंजिन मागच्या चाकांच्याही मागे, साठ टक्क्यांहून जास्त वजन मागे, आणि ताकदही मागच्याच चाकांना. मी त्याला म्हटलं, हाच ट्यून लाव आणि माझ्यासमोर तीन लॅप मार. पहिल्या लॅपला दुसऱ्या गिअरच्या डाव्या वळणात त्याने वेग थोडा जास्त आहे असं वाटून ॲक्सिलरेटरवरचं बोट उचललं. बोट उचलताच वजन पुढे गेलं, मागची चाकं हलकी झाली, आणि आधीच ६५ च्या बारने सैल केलेली पकड पूर्ण सुटली. गाडी गरकन उलटी फिरली. दुसऱ्या लॅपला तेच वळण, तेच झालं. तिसऱ्याला तो इतका जपून आला की पहिल्या दोन्हींपेक्षा हळू गेला. मग मी फक्त दोन स्लायडर, म्हणजे दोन्ही बारचे आकडे, बदलायला लावले. पुढचा २८, मागचा १६. बाकी सगळं फॉरवर्डचंच ठेवलं. त्याच वळणात बोट उचललं, नाक आत आलं आणि गाडी रुळावर असल्यासारखी निघून गेली. तो मागे वळून माझ्याकडे बघत होता. हे आकडेही काही ‘मास्टर’ नाहीत. त्या गाडीला, त्या टायरवर, त्याच्या हाताला चालले, इतकंच.

डिफरेन्शियल १०० टक्के लॉक म्हणजे दोन्ही चाकं सारख्याच वेगाने फिरणार. पण नव्वद अंशाच्या वळणात, चाकांमधलं अंतर १.६ मीटर असेल तर, बाहेरचं चाक आतल्यापेक्षा अडीच मीटर जास्त चालतं, मग वळण मोठं असो की छोटं. दोघांना एकत्र बांधलं की गाडी वळायला नकार देते आणि ॲक्सिलरेटर दाबला की एकदम मागून सुटते. ड्रिफ्ट करायचं असेल तर ठेवा. लॅप मारायचा असेल तर खाली आणा.

गाडी खाली करण्यात तथ्य आहे. वरच्याच गाडीचा गुरुत्वमध्य ५ सेंटिमीटर खाली आणला तर सरकणारं वजन ४३७ वरून ३९४ वर येतं, हा खरा फायदा. पण पार खाली नेलं की सस्पेन्शनला हलायला जागाच उरत नाही. उंचवट्यावर ते तळाला टेकतं आणि चाक उडतं. गुळगुळीत रस्त्यावर चालेल, खडबडीत रस्त्यावर नाही.

विंगचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी १६० ला जेवढा दाब, ८० ला त्याचा चौथा भाग. म्हणजे हळू वळणात विंग जवळपास काहीच देत नाही आणि सरळ रस्त्यावर मात्र हवेचा अडथळा पूर्ण वसूल करते. अरुंद, वळणावळणाच्या ट्रॅकवर पूर्ण विंग लावणारा दोन्हीकडून तोट्यात.

फायनल ड्राइव्ह लांब केला की टॉप स्पीड वाढतो, हा जुनाच गैरसमज. गाडीचा वेग वाढायचा थांबतो तो हवेच्या अडथळ्यामुळे. वेग १० टक्क्यांनी वाढवायचा तर हवेला भेदायला साधारण ३३ टक्के जास्त ताकद लागते. ती इंजिनात नसेल तर गिअर कितीही लांब करा, शेवटचा गिअर अर्धा रिकामाच राहतो आणि वळणातून बाहेर पडताना गाडी सुस्तावते.

असिस्ट बंद केल्याने कोणी प्रो होत नाही. एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) बंद असताना चाक लॉक झालं की स्टिअरिंगचा उपयोग संपतो. ट्रिगर (कंट्रोलरवरचं ब्रेकचं बटण) नेमका किती दाबायचा हे बोटाला कळायला लागलं की बंद करा, त्याआधी नाही.

भाच्याला मी एकच सांगितलं: एका लॅपला एकच स्लायडर हलव आणि वहीत लिही. त्याने वही केली आहे, त्यात ९११ चं एक पान भरलंय.

आणि खऱ्या गाडीचं. त्याच रात्री त्याने ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरचा फोटो पाठवला. चारही चाकांना ३३. सकाळी ताई आणि तो पंपावर गेले. गेज लावलं तर चारही टायरमध्ये २९ निघाली. कित्येक महिने कोणी तपासलीच नव्हती. मला विचारलं नसतं तर त्यातून आणखी दहा निघाली असती.